लॉडनमचं स्पेलिंग

1794 सालच्या जानेवारीत फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला एक पत्र गेलं. लिहिणारा सिनेटर होता आणि वाचणारी त्याची दहा वर्षांची मुलगी. तिच्या पत्रात कोणते शब्द चुकले ते बाप एकेक करून सांगतो. ‘ॲक्युरेट’मधला एक सी तू गाळलास. ‘एन्टायर्ली’ तू आयनं सुरू केलंस. तसंही लिहितात काही जण, पण ईनं लिहिणं जास्त बरोबर. आणि ‘लॉडनम’ची अक्षरं चुकली.

लॉडनम म्हणजे अफूचा अर्क. त्या काळी कळा थांबवायला देत. मुलीची आई त्या हिवाळ्यात आजारी होती. मे महिन्यात ती गेली.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि उठून कपाटातली पत्र्याची पेटी काढली. त्या पेटीत बाबांची आंतर्देशीय पत्रं आहेत. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि शुद्धलेखन हा त्यांचा धर्म होता. मी पुण्याला वसतिगृहात राहायला गेले, त्याच वर्षी आईचं ऑपरेशन झालं. मी घाबरून लिहिलं होतं, ‘आईची तब्बेत कशी आहे?’ बाबांच्या उत्तराची पहिली ओळ होती, ‘तब्येत. ब एकच.’ आईचं सगळं त्याखाली सविस्तर लिहिलेलं होतं, टाके कधी काढले, काय खातेय, रात्री झोप लागते का. पण पहिली ओळ ती. तेव्हा मी खूप रडले होते. बाबांनाही भीती वाटत असणार आणि हात थरथरू नये म्हणून त्यांनी आधी तो शब्द धरला असणार, हे मला फार उशिरा कळलं.

त्या सिनेटरचं नाव ॲरन बर. मुलीचं नाव थिओडोशिया.

अमेरिकेत ॲरन बर हे नाव चांगल्या अर्थानं कुणी घेत नाही. तो या देशाचा तिसरा उपाध्यक्ष. पदावर असताना त्यानं देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला द्वंद्वयुद्धात गोळी घातली. पुढे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, त्यातून तो सुटला, पण बदनामीतून सुटला नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात आणि दोन्ही काळ्या. न्यू जर्सीत राहायला आल्यावर सुरुवातीची काही वर्षं मलाही तेवढंच माहीत होतं. भारतातून कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना वीहॉकनच्या कड्यावर नेतो. समोर हडसन नदी आणि पलीकडे सगळं मॅनहॅटन दिसतं. पाहुणे फोटो काढतात. तिथे हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे आणि मागे एक मोठा धोंडा. गोळी लागल्यावर हॅमिल्टननं याच दगडावर डोकं टेकलं होतं, असं त्यावर कोरलंय. प्रत्यक्ष जागा खाली नदीकाठच्या कातळावर होती, ती 1870 च्या सुमारास रेल्वेच्या कामात गेली. मी त्या धोंड्यापाशी कितीदा उभी राहिले असेन, पण ज्यानं गोळी झाडली त्याचं घर कसं होतं, त्याच्या घरी कोण होतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. तो आला त्या लॉडनमपासून.

बरचा जन्म 6 फेब्रुवारी 1756 चा, न्यूअर्कचा. वडील धर्मोपदेशक आणि आज ज्याला आपण प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणतो त्या कॉलेजचे दुसरे अध्यक्ष. पोरगा दीड वर्षाचा असताना, सप्टेंबर 1757 मध्ये, वडील वारले. त्यांच्या जागी आईचे वडील जोनाथन एडवर्ड्स आले. ते त्या काळचे मोठे धर्मपंडित. गावात देवीची साथ होती म्हणून त्यांनी देवी टोचून घेतल्या आणि त्यातच मार्च 1758 मध्ये गेले. एप्रिलमध्ये आई गेली. नातवंडांना न्यायला आलेली आजी ऑक्टोबरात गेली. तेरा महिन्यांत चार माणसं. उरली ती चार वर्षांची बहीण सॅली आणि अडीच वर्षांचा ॲरन. एका तरुण मामानं दोघांना वाढवलं. आईची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात एका जागी ती मुलाबद्दल लिहिते की हा लहानसा, मळका, गोंगाट करणारा पोरगा आहे, सॅलीपेक्षा जवळजवळ सगळ्याच बाबतीत वेगळा. आईच्या हातून त्याच्याविषयी लिहिलं गेलेलं जे थोडंफार मागे राहिलं, त्यात ही ओळ. त्यानं मोठेपणी ती वाचली होती का, हे मला फार वाटत राहतं.

तेराव्या वर्षी तो कॉलेजात गेला, सोळाव्या वर्षी पदवी घेतली. धर्मशास्त्र शिकायला लागला, ते सोडून कायदा धरला, आणि एवढ्यात इंग्लंडविरुद्धचं युद्ध पेटलं. मेनच्या जंगलातून क्वेबेकवर चालून गेलेल्या उपाशी तुकडीत तो होता. 31 डिसेंबर 1775 च्या हल्ल्यात त्यांचा सेनापती जनरल माँटगोमेरी बर्फात मरून पडला तेव्हा बर त्याच्यापासून लांब नव्हता. पुढे लेफ्टनंट कर्नल झाला. त्याच्या लढायांच्या तपशिलात मी शिरत नाही, माझं मन तिथे नाही. मन आहे त्याच्या लग्नात. 1782 मध्ये त्यानं लग्न केलं ते थिओडोशिया प्रेव्होस्टशी. ती एका ब्रिटिश अधिकाऱ्याची विधवा, पाच मुलांची आई आणि त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ज्या घरात ते लग्न झालं ते हर्मिटेज इथेच, न्यू जर्सीतल्या हो-हो-कसला, अजून उभं आहे. या बाईनं भरपूर वाचलं होतं आणि बरला ती आवडली ती त्यासाठीच, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना झालेल्या मुलांपैकी मोठी होईपर्यंत जगली ती एकटी थिओ. जन्म 21 जून 1783.

या मुलीला बापानं शिकवलं. नुसतं वाचायला-लिहायला नाही. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, गणित, घोड्यावर बसणं, बर्फावर घसरणं, सगळं. वेळापत्रक आखून दिलं, रोजनिशी लिहायला लावली, ती डाकेनं मागवून तपासली. इंग्लिश लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक 1792 मध्ये निघालं. बरनं ते मिळवलं आणि रात्र जागून वाचलं. या पुस्तकाचं मोल माझ्या ओळखीत कुणालाच कळत कसं नाही, असं त्यानं बायकोला विचारलं. फेब्रुवारी 1793 मधल्या एका पत्रात तो तिला लिहितो, ‘स्त्रियांना आत्मा असतो, यावर स्त्री-पुरुष दोघांचाही विश्वास दिसत नाही. आपल्या मुलीच्या रूपानं मी जगाला ते पटवून देईन, अशी मला अजून आशा आहे.’ 1793 मध्ये. महाराष्ट्रात फुल्यांच्या जन्माला अजून चौतीस वर्षं होती.

पण त्याच पत्रात आणखी एक वाक्य आहे आणि ते मी लपवणार नाही. आपली थिओ पुढे नुसती नटवी, रिकाम्या डोक्याची, चारचौघांत मिरवणारी बाई होणार असं जर मला आधी दिसलं, तर देवानं तिला आत्ताच उचलावं अशी मी कळकळीनं प्रार्थना करीन, असं तो म्हणतो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मुलीला मोठं करू पाहणाऱ्या बापाचं प्रेम किती धारदार असू शकतं, ते मी हे वाक्य वाचताना अंगावर घेतलं. मला बाबांची लाल शाई आठवली. त्या शाईत माया होती याबद्दल मला शंका नाही. पण मी वाईट निघाले असते तर? शब्द कायम चुकतच राहिले असते तर? हा प्रश्न मुलीच्या मनात कुठेतरी कायमचा राहतो.

राजकारणात बर चढत गेला. 1791 मध्ये त्यानं न्यूयॉर्कची सिनेटची जागा घेतली ती फिलिप स्कायलरला हरवून. स्कायलर हॅमिल्टनचा सासरा. तिथून ठिणगी पडली. 1799 ची गोष्ट त्याच्या स्वभावाबद्दल बरंच सांगते. आदल्या वर्षी शहरात पिवळ्या तापानं हाहाकार केला होता आणि लोकांना स्वच्छ पाणी हवं होतं. बरनं मॅनहॅटन कंपनी नावाची पाणीपुरवठ्याची कंपनी काढायची सनद विधिमंडळाकडून मिळवली. त्या प्रयत्नाला सुरुवातीला हॅमिल्टनचाही हातभार होता. भांडवल वीस लाख डॉलर. सनदेत शेवटी एक कलम घातलं होतं, की पाण्याच्या कामाला लागून जो पैसा उरेल तो कंपनीनं हवा तसा वापरावा. त्या एका कलमावर बँक उभी राहिली. शहरात तेव्हा बँकेची सनद फक्त हॅमिल्टनच्या गटाच्या हाती होती. छोट्या कारागिरांना, व्यापाऱ्यांना कर्ज मिळायची वाट बरच्या बँकेनं मोकळी केली, हे खरं. आणि लाकडाचे ओंडके पोखरून केलेल्या नळांतून लोकांना मिळालं ते अपुरं, वाईट पाणी, हेही तितकंच खरं. बँकेपुढे पाणी मागे पडलं. त्याबद्दल मला त्याचा राग आहे. ज्या गावात पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभं राहावं लागतं अशा गावात मी वाढले. पाण्याचं नाव सांगून दुसरं काही करणं मला सोडून देता येत नाही.

1800 च्या निवडणुकीत जेफरसन आणि बर एकाच पक्षाचे. एक अध्यक्षपदासाठी, दुसरा उपाध्यक्षपदासाठी. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे मतदारमंडळाच्या मतपत्रिकेवर कुठलं नाव कुठल्या पदासाठी ते लिहायची सोय नव्हती. दोघांना 73-73 मतं पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तिथे छत्तिसाव्या फेरीत, 17 फेब्रुवारी 1801 रोजी, जेफरसन निवडून आला. बरनं त्या दिवसांत ‘मी माघार घेतो, अध्यक्षपद त्याचं आहे’ असं ठामपणे म्हटलं नाही. खटपटही उघडपणे केली नाही. गप्प राहिला. जेफरसननं ते गप्प राहणं कधी विसरलं नाही. हॅमिल्टननं आपल्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहून सांगितलं, की जेफरसन परवडला पण बर नको. या गोंधळातूनच पुढे राज्यघटनेची बारावी दुरुस्ती झाली.

बरच्या आयुष्यभर हे गप्प राहणं दिसतं. हॅमिल्टन लिहीत असे, जेफरसन लिहीत असे, ढीगच्या ढीग. बर स्वतःचा खुलासा करत नसे.

1804 मध्ये जेफरसननं त्याला दुसऱ्यांदा सोबत घेतलं नाही. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक तो हरला. त्या धामधुमीत एका डॉक्टरचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. हॅमिल्टनचं बरविषयी आणखीही हीन मत आहे, ते मी सविस्तर सांगू शकतो, असं त्यात होतं. ‘आणखीही हीन.’ बरनं हॅमिल्टनला विचारलं, काय म्हणालात ते सांगा किंवा नाकारा. हॅमिल्टननं उत्तरात त्या शब्दाच्या छटांची चर्चा केली. ‘हीन’ला अनेक पायऱ्या आहेत, कुठली म्हणता? एका शब्दावरून पत्रापत्री सुरू झाली आणि जून सरेपर्यंत द्वंद्व ठरलं.

10 जुलैच्या रात्री बरनं थिओला पत्र लिहिलं. तिचं 1801 मध्ये लग्न झालं होतं, ती दक्षिण कॅरोलिनात होती आणि पदरी दोन वर्षांचा मुलगा होता. तो लिहितो, ‘या आयुष्यात मला जे सुख मिळालं त्याचा फार मोठा भाग तुझ्यामुळे मिळाला. माझ्या मनानं जे जे इच्छिलं ते सगळं तू पुरं केलंस.’ आणि पुढे सूचना. माझी पत्रं तपास. कुणाच्या अब्रूला धक्का लागेल अशी असतील ती जाळून टाक.

11 जुलैला सकाळी दोन होड्या वेगवेगळ्या वेळी नदी ओलांडून वीहॉकनला आल्या. होडीवाले आणि डॉक्टर हॉसॅक पाठ करून उभे राहिले, म्हणजे उद्या कोर्टात ‘आम्ही काही पाहिलं नाही’ असं खरं खरं सांगता यावं. अंतर दहा पावलं. पिस्तुलं हॅमिल्टनच्या साडूची. तीच पिस्तुलं आज जेपी मॉर्गन चेस बँकेच्या मालकीची आहेत, कारण ती बरच्या त्या पाण्याच्या कंपनीची वारस. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरच्या झाडाला लागली. बरची गोळी हॅमिल्टनच्या उजव्या कमरेच्या वर शिरली, यकृतातून गेली आणि पाठीच्या कण्यात अडकली. हॅमिल्टन पडला तेव्हा बर त्याच्या दिशेनं पुढे झाला, असं त्या वेळी तिथे हजर असलेल्या दोघांनी लिहून दिलंय. काहीतरी बोलणार, एवढ्यात त्याच्या सोबत्यानं त्याला मागे ओढलं आणि होडीवाल्यांना तोंड दिसू नये म्हणून त्याच्यावर छत्री धरली. त्या छत्रीखाली तो होडीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी हॅमिल्टन गेला. मागे बायको आणि सात मुलं.

हॅमिल्टननं द्वंद्वाआधी लिहून ठेवलं होतं, की मी पहिली गोळी वाया घालवणार आहे. बरनं त्यावरही काही लिहिलं नाही. मग लोकांना वाचायला उरला तो एकाचाच कागद.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडे आरोप ठेवले गेले, पण खटला कधी चालला नाही. उपाध्यक्षपदाचे उरलेले महिने त्यानं सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसून काढले. न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांच्यावरचा महाभियोग त्यानं इतक्या निःपक्षपणे चालवला की शत्रूंनीही मान डोलावली. 2 मार्च 1805 च्या निरोपाच्या भाषणात त्यानं त्या सभागृहाला कायद्याचं आणि स्वातंत्र्याचं आश्रयस्थान म्हटलं. सिनेटर रडले. तो बाहेर पडला तेव्हा हातात पद नव्हतं, घर कर्जात गेलं होतं.

मग तो पश्चिमेला गेला. ओहायो नदीतल्या एका बेटावर ब्लेनरहॅसेट नावाच्या आयरिश माणसाचा वाडा होता, तिथे होड्या बांधल्या, माणसं जमवली. मेक्सिकोवर स्वारी करायची होती, की पश्चिमेकडची राज्यं फोडायची होती, की नुसती जमीन वसवायची होती, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. त्याचा भागीदार जनरल विल्किन्सन, अमेरिकेच्या सैन्याचा सर्वोच्च अधिकारी, हाच स्पेनचा पगारी हेर होता. त्यानंच बरला धरून दिलं. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी 1807 मध्ये, अध्यक्ष जेफरसननं काँग्रेसला कळवून टाकलं की बरचा गुन्हा निःसंशय आहे. रिचमंडमध्ये खटला चालला. सरन्यायाधीश मार्शल म्हणाले की राजद्रोह म्हणजे उघड कृती, आणि तिला दोन साक्षीदार हवेत. मनातल्या बेताला फाशी देता येत नाही. 1 सप्टेंबरला ज्युरीनं त्याला सोडलं. थिओ खटल्यासाठी रिचमंडला आली होती. मार्शल यांचा तो निवाडा मला फार मोलाचा वाटतो. सत्तेत बसलेल्या माणसाला एखादा माणूस आवडत नाही, यावर त्याचा गुन्हा ठरू नये. बर आवडता असो वा नसो.

1808 मध्ये तो युरोपात गेला. चार वर्षं. लंडनमध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या घरी राहिला, पॅरिसमध्ये उपाशी राहिला. या काळात त्यानं थिओसाठी रोजनिशी लिहिली. तिच्यात खिशात किती नाणी उरली, सरपण किती लागलं, कुठे कोट गहाण टाकला, कुठल्या बाईकडे गेलो, सगळं आहे. मुलीला कोण असलं लिहितं? मी बरेच दिवस त्यावर अडले. मग वाटलं, जगापुढे तोंड न उघडणाऱ्या माणसाला एक वाचक हवा होता, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं अक्षर अक्षर शिकवून घडवला होता. थिओनं 1809 मध्ये त्याला लिहिलं, ‘अशा माणसाची मुलगी नसण्यापेक्षा मी न जगणं पत्करीन.’

नातवाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, ॲरन. त्याला ग्रँडपा म्हणता येईना, तो गँपी म्हणायचा, म्हणून आजोबांनी त्याचंच नाव गँपी ठेवलं. युरोपात बर या गँपीसाठी नाणी जमवत होता. परतीच्या तिकिटासाठी पैसे नव्हते तेव्हा ती नाणी विकली, थिओसाठी घेतलेलं घड्याळ विकलं. मे 1812 मध्ये खोट्या नावानं बोस्टनला उतरला. 30 जूनला दक्षिण कॅरोलिनात गँपी तापानं गेला. दहा वर्षांचा होता. थिओनं कळवलं, ‘मला आता आनंद उरला नाही. जग कोरं झालंय. माझा मुलगा गेला.’

तिनं वडिलांकडे यायचं ठरवलं. नवरा नुकताच गव्हर्नर झाला होता, इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटलेलं होतं, तो निघू शकत नव्हता. वर्षाच्या अखेरीस, 31 डिसेंबर 1812 ला, ‘पेट्रियट’ नावाच्या लहान गलबतात ती बसली. वडिलांनी आपले कागदपत्र तिच्याकडे ठेवले होते, तेही त्या गलबतात होते असं मानतात. गलबत न्यूयॉर्कला पोचलंच नाही. जानेवारीत हॅटरस भूशिराकडे मोठं वादळ झालं होतं. पुढे कितीतरी वर्षं कुणी सांगत राहिलं की चाच्यांनी तिला मारलं, कुणी सांगत राहिलं की ती जिवंत आहे. बर म्हणे एवढंच म्हणायचा, ‘ती गेली. जिवंत असती तर जगातला कुठलाही तुरुंग तिला बापापासून दूर ठेवू शकला नसता.’ पण मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी नावाच्या भागातल्या धक्क्यावर दक्षिणेकडून येणारी जहाजं बघत तो फिरत असे, असंही सांगतात.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूची झाले होते. पूर्णपणे.

मग मला मेरी एमन्स भेटली.

मेरी एमन्स बरच्या घरी कामाला होती. तिच्या वंशजांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की ती मूळची कलकत्त्याची आणि हैतीच्या वाटेनं अमेरिकेत आली. बरपासून तिला दोन मुलं झाली. लुइसा शार्लट 1788 मध्ये आणि जॉन पिएर 1792 मध्ये. बरची बायको तेव्हा हयात होती. घराण्यात हे माहीत असावं, पण बरच्या वंशजांच्या संघटनेनं जॉन पिएरला ॲरन बरचा मुलगा म्हणून मान्य केलं ते 2018 मध्ये, त्याच्याच वंशातल्या एका कायद्याच्या प्राध्यापिकेनं कागदपत्रं आणि डीएनए पुढे ठेवल्यावर.

मी तारखा लावून पाहिल्या. थिओ लॉडनमची अक्षरं जुळवत होती तेव्हा लुइसा पाच-सहा वर्षांची होती, जॉन पिएर रांगून चालायला लागला असेल. स्त्रियांना आत्मा असतो हे जगाला पटवून द्यायला निघालेल्या माणसाला आणखी एक मुलगी होती. तिच्या शब्दांतल्या चुका काढणारं त्याचं एकही पत्र मला कुठल्याही संग्रहात सापडलेलं नाही. 1785 मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळात गुलामगिरी तात्काळ बंद करावी या बाजूनं तो उभा राहिला होता. त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होते.

हे वाचलं त्या रात्री मला आमच्या घरचं मागचं दार आठवलं. भांडी घासायला एक मावशी येत. त्यांची मुलगी माझ्याएवढीच. ती मागच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर बसून लिहायची. माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं आई फाडून तिला द्यायची. बाबांची लाल शाई इतकी दाट असायची की कागदाच्या पाठीवर उमटायची. ती त्या उमटलेल्या खुणांच्या मधल्या जागेत पाढे लिहायची. बाबा तिच्या शेजारून रोज जायचे, चांगले होते ते, तिला दिवाळीला फराळ, शाळेला फी द्यायचे. पण तिच्या कागदाकडे वाकून त्यांनी एकदाही ‘हा शब्द चुकला’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही.

बाबांवरचं माझं प्रेम यानं कमी झालं नाही. पण पेटीतलं ते पत्र मी आता वाचते तेव्हा त्याची पाठही बघते.

बर 1836 पर्यंत जगला. वकिली करत राहिला, कर्जात राहिला. सत्त्याहत्तराव्या वर्षी एलायझा जुमेल या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. चार महिन्यांत ते बिनसलं. तिच्या बाजूनं घटस्फोटाचं काम पाहिलं ते हॅमिल्टनच्या मुलानं. घटस्फोट कायम झाला तो 14 सप्टेंबर 1836 ला आणि त्याच दिवशी स्टेटन आयलंडवर बर गेला. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत वडील आणि आजोबांच्या पायाशी त्याला पुरलं. वडिलांची, आजोबांची थडगी मोठी, आडवी, लॅटिन मजकुरानं भरलेली. त्याचा दगड साधा, उभा. नाव, जन्म, मृत्यू, क्रांतियुद्धात कर्नल, 1801 ते 1805 उपाध्यक्ष. खुलासा इथेही नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी तिथे गेले होते आणि तिथूनच पुढे, फिलाडेल्फियाच्या बाहेर कॉलिंगडेल नावाच्या गावी. तिथे ईडन नावाची कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी आहे. जॉन पिएर फिलाडेल्फियात न्हावी होता. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झटला, दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना त्यानं घरात आसरा दिला. 1864 मध्ये गेला. लुइसाचा मुलगा फ्रँक वेब लेखक झाला, त्याची कादंबरी 1857 मध्ये लंडनमध्ये छापली. त्या घरात अक्षरं कुणीतरी शिकवली होती. कुणी शिकवली, मेरीनं का, हे मी त्या गवतातून चालताना सारखी मनात घोळवत होते.

जॉन पिएरचा दगड नवा आहे, 2019 चा. जन्मानंतर 227 वर्षांनी बरच्या वंशजांनी तो बसवला. मी खाली बसून त्यावरून हात फिरवला. कडा अजून धारदार आहेत. आडनाव ठळक कोरलंय, बर. ते तर तो पहिल्यापासून लावत होता.